न मागितलेलं ताट

सेंट जॉर्जेस, १२ जानेवारी २०१४

एस्टिमी आत्या,

देव तुला बरी ठेवो. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोललो की सगळी कचेरी ऐकते, म्हणून हे पत्र उद्याच्या बोटीने पाठवतोय.

कामाचं लिहितो. आपल्या कॅरियाकू बेटावरचा सराका आणि त्यातलं ढोलाचं रिंगण यांची नोंद पॅरिसच्या सांस्कृतिक संस्थेच्या यादीत व्हावी, म्हणून आमचं संस्कृती खातं दोन वर्षं कागद जमवतंय. फाइल माझ्याकडे आहे. ती ३१ मार्चच्या आत पाठवायची आहे. सोबत दहा मिनिटांची फिल्म लागते, आणि फिल्मवाल्यांना शनिवार, १५ फेब्रुवारी एवढाच दिवस मोकळा आहे.

त्या दिवशी तुझ्या अंगणात सराका ठेवशील का? बकरे, तांदूळ, मक्याचं पीठ खात्याकडून येईल. बार्नाबसला ढोलाचं तू सांग. माझ्यापेक्षा तुझं तो ऐकतो.

नोंद झाली तर शाळेत ढोल शिकवायची सोय होईल. बार्नाबस एक्याऐंशी वर्षांचा आहे, आणि त्याच्यानंतर जुनी रिंगणं वाजवणारं कुणी नाही, हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

तुझा,
अन्सेल्म


बेलव्ह्यू, १९ जानेवारी

अन्सेल्म,

पत्र मिळालं. तू तारीख लिहिलीस, बकरे लिहिलेस, तांदूळ लिहिलास. कुणी मागितलं ते लिहिलं नाहीस.

हे मी तुला शिकवायला नको. तू याच अंगणात वाढलास. मेलेलं माणूस स्वप्नात येतं, दारात उभं राहतं, मला अमुक खायला घाल, तमक्याला बोलाव, असं सांगतं. मग आपण सराका करतो, वाडवडिलांचं ताट मांडतो, ढोल काढतो. मागच्या वर्षी व्हिडाची आई आली होती. भाजलेला मासा मागितला, आणि शेजारणीला बोलावू नकोस म्हणाली. मेल्यावरही स्वभाव गेला नाही बाईचा. पण मागितलं तिने.

या वर्षी कुणी आलेलं नाही. १५ तारखेपर्यंत कुणी येईल का, मला माहीत नाही. मेलेले तुझ्या खात्यात नोकरीला नाहीत.

हॉटेलात पाहुण्यांपुढे नाचतात तसं हवं असेल तर बार्नाबसच्या नाती नाचतील. छान नाचतात. त्याला सराका म्हणू नकोस, एवढंच.

सर्दीवर लिंबू घे. तुझ्या पत्राला औषधाचा वास येत होता.

आत्या


सेंट जॉर्जेस, २६ जानेवारी

आत्या,

हॉटेलातला नाच चालणार नाही. पॅरिसच्या कागदात स्पष्ट आहे, लोक स्वतःसाठी करतात तेच दाखवा, पाहुण्यांसाठी करतात ते नको. म्हणजे ते आणि तू एकच म्हणताय. मध्ये मी अडकलोय.

आमच्या संचालिका मिस क्लेमेंट मोठ्या बेटावरच्या. त्यांना मी तुझं पत्र वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बिदो, तुमच्याकडे माणसं मरतात ना?" मी म्हटलं, "मरतात, मॅडम. पण मेलेलं प्रत्येक माणूस मागतंच असं नाही." त्या म्हणाल्या, "मग जरा विचारपूस करा." कुणाकडे, ते त्यांनी सांगितलं नाही.

गावात कुणाला स्वप्न पडलंय का, तेवढं बघशील? या वेळी संधी गेली तर पुढची दोन वर्षांनी. तोवर बार्नाबसचे हात चालतील का, मला सांगता येत नाही.

अन्सेल्म


बेलव्ह्यू, १ फेब्रुवारी

अन्सेल्म,

विचारलं. चूक झाली. खात्याकडून बकरे येणार हे गावात कळलं, आणि एका आठवड्यात चार जणांना स्वप्नं पडली.

नॉर्मा म्हणाली, आई आली आणि व्हिस्की मागितली. तिची आई जन्मभर दारूबंदीच्या मंडळात होती. ल्यूथर म्हणाला, बाप आला आणि खात्याचा बकरा मागितला. मी म्हटलं, "ल्यूथर, तुझा बाप एकाहत्तर साली गेला. तेव्हा कुठलं आलं खातं?" तर म्हणतो, "आत्या, तिकडे सगळं कळतं." बाकी दोघांना मी पायरीसुद्धा चढू दिली नाही.

हसू येतं, पण मला राग आला. राग का, ते तुला सांगते. दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही.

तुझा बाप सायलस जाऊन नऊ वर्षं झाली. तो एकदाही आला नाही. माझ्याकडे नाही, तुझ्याकडे नाही, कुणाकडेच नाही. तो जायच्या तीन वर्षं आधी पाऊस पडला नव्हता. सायलसने न विचारता माझ्या टाक्यातलं पाणी शेळ्यांना पाजलं, आणि मी टाक्याला कुलूप लावलं. पुढची तीन वर्षं तो खालच्या सरकारी टाक्यावरून बादल्या वाहत होता, माझ्या दारावरून. मी खिडकीतून बघायची. त्याने हाक मारली नाही, मी मारली नाही. मग तो गेला.

रोज झोपताना मी प्रार्थना म्हणते आणि वाट बघते. त्याने एक घास जरी मागितला तरी मला कळेल, राग गेला त्याचा. म्हणून लोकांनी बकऱ्यासाठी स्वप्नं आणली की मला सोसवत नाही.

तुझ्या फिल्मवाल्यांना नाही म्हणून कळव.

आत्या


सेंट जॉर्जेस, ५ फेब्रुवारी

आत्या,

काल पहाटे बाबा आले होते. तुझ्या पायरीशी उभे होते, हातात टोपी. मक्याच्या पिठाचा घट्ट कूकू मागितला, तुरीचे दाणे आणि लाल कोंबडा. म्हणाले, "एस्टिमीला सांग. तिच्याच अंगणात."

मी विचारायच्या आत जाग आली.

अन्सेल्म


बेलव्ह्यू, ८ फेब्रुवारी

बाळा,

पत्र तीनदा वाचलं. मग व्हिडाकडून वाचून घेतलं, माझे डोळे खोटं वाचत नाहीत ना बघायला.

माझं नाव घेतलं त्याने? शेवटची तीन वर्षं "वरची बाई" म्हणायचा मला. चेहरा कसा होता? दमलेला होता का? बादली नव्हती ना हातात? नीट आठवून ये आणि समोर बसून सांग.

सराका १५ तारखेलाच करते. फिल्मवाले येऊ देत. खात्याचे बकरे नकोत, त्याने कोंबडा मागितलाय. कोंबडा माझा आहे. ल्यूथर पीठ दळून देतो म्हणाला. नॉर्माने अंगण झाडलं, मी सांगितलं नव्हतं. बार्नाबसने ढोलाचं कातडं उन्हात ठेवलंय.

तो तुझ्याकडे आला, माझ्याकडे नाही, याचं काल जरा वाईट वाटलं. आज नाही वाटत. मुलगा आहेस तू त्याचा.

आत्या


सेंट जॉर्जेस, २१ फेब्रुवारी

आत्या,

फिल्म चांगली झाली. तू अंगणात रम आणि पाणी शिंपडून सायलसचं नाव घेतलंस, ते फार स्वच्छ आलंय. वाडवडिलांचं पहिलं रिंगण पुरं घेतलंय, कुठे कापलेलं नाही. मिस क्लेमेंटनी ती दोनदा बघितली, हे क्वचित होतं.

नाच चालू असताना मी गाडीजवळ जाऊन उभा राहिलो, तू दोनदा हाक मारलीस तरी आलो नाही. पोट बिघडलं होतं.

सोबत संमतीचा कागद आहे. ही प्रथा ज्यांची आहे त्यांनी समजून-उमजून सही करायची असते. तुझी आणि बार्नाबसची हवी.

अन्सेल्म


बेलव्ह्यू, २८ फेब्रुवारी

अन्सेल्म,

सही केली. बार्नाबसनेही केली. कागदावर लिहिलंय, "ही प्रथा ज्यांच्या मालकीची आहे ते." बार्नाबस म्हणाला, "एस्टिमी, मालक तर तिकडे मातीत आहेत. आपण कशी सही करायची?" मी म्हटलं, "सायलसने मागितलंय, म्हणजे त्याची संमती आहे. त्याच्या वतीने करू."

तुम्ही गेल्यावर मी ताटाशी बसून होते. नऊ वर्षांचं सगळं बोलून घेतलं. कूकूत गुठळ्या राहिल्या होत्या, तेही सांगितलं.

आता पुढचं. मी त्याचा दगड बसवणार. इतकी वर्षं कबर बिनदगडाची ठेवली, कारण रागावलेल्या माणसावर दगड ठेवायचा म्हणजे त्याला आत कोंडायचं, असं मला वाटे. आता तो जेवला. माझ्या हातचं जेवला. गवंड्याला नाव कोरायला सांगितलंय. ईस्टरनंतरच्या शनिवारी दगडाचं जेवण करू. तू त्या दिवशी पोट ठीक ठेव.

आत्या


सेंट जॉर्जेस, ५ मार्च, राखेचा बुधवार

आत्या,

आज चर्चमध्ये कपाळावर राख लावून घेतली आणि कचेरीत न जाता खोलीवर परत आलो. हे पत्र आज लिहिलं नाही तर कधी लिहिणार नाही.

बाबा माझ्या स्वप्नात आले नव्हते.

ते पाच फेब्रुवारीचं पत्र मी कचेरीत, टेबलाशी बसून लिहिलं. सकाळचे अकरा वाजले होते. तुझं एक तारखेचं पत्र समोर होतं. तुला काय ऐकायचंय ते त्यात होतं, म्हणून मी तेच लिहिलं. टोपी माझ्या मनातली, कोंबडा माझ्या मनातला, तुझं नावही मीच त्यांच्या तोंडी घातलं. मनाला सांगितलं, फाइल जाईल, ढोल वाचेल, आत्याला बरं वाटेल, बाबांच्या नावाने चार माणसं जेवतील. कुणाचं काही वाकडं होणार नाही.

तू ताटाशी बसून बोललीस हे वाचलं तेव्हापासून मला जेवण जात नाही. गवंड्याला थांबव. फाइल मी अजून पाठवलेली नाही.

माफ कर असं लिहायचं धाडस होत नाही.

अन्सेल्म


सेंट जॉर्जेस, १४ मार्च

आत्या,

तुझं उत्तर नाही. बोटीच्या कॅप्टनला विचारलं. म्हणाला, पत्र तुझ्या हातात दिलं. "मग काय म्हणाली?" "मला पाणीही विचारलं नाही. आजवर असं झालं नव्हतं."

फाइलचं तू सांगशील ते करीन. फाडून टाक म्हणालीस तर फाडीन.

अन्सेल्म


बेलव्ह्यू, १७ मार्च

अन्सेल्म,

गवंड्याला थांबवलं. "सायल" एवढं कोरून झालं होतं.

ल्यूथरने बकऱ्यासाठी बापाचं स्वप्न आणलं, तेव्हा मी त्याला हसले. तो निदान स्वतःच्या भुकेचं खोटं बोलला. तू माझ्या भुकेचं बोललास. उद्या सायलस खरंच आला आणि "एस्टिमी" म्हणाला, तर तो सायलस आहे की तू, हे मी कसं ओळखायचं? तू माझी वाट बघणंसुद्धा खराब केलंस.

फाइल फाडू नकोस. ढोल बार्नाबसचा आहे, त्याने तुझं काय केलंय? पण हा सराका कुणी मागितला नव्हता, हे त्या फाइलीत लिही. तुझ्या नावानिशी लिही. ते पान असेल तर माझी सही राहू दे. नसेल तर खोड.

आणि शनिवारी ये. माफीचं रिंगण करायचं. उपवासकाळ आहे म्हणून ढोल जोरात वाजणार नाही, बार्नाबस नुसत्या बोटांनी वाजवेल. मेलेल्याचं ज्यांनी वाकडं केलं त्यांनी गुडघे टेकायचे, सगळ्यांसमोर. गावाला मी सांगितलंय. कॅमेरा आणू नकोस.

एस्टिमी


सेंट जॉर्जेस, २९ मार्च

आत्या,

परत आल्यावर लगेच लिहिणार होतो, पण आधी ते पान लिहिलं.

गेल्या शनिवारी गुडघे टेकले तेव्हा मला वाटलं होतं, लोक हसतील. कुणी हसलं नाही. ल्यूथर माझ्या शेजारी येऊन टेकला, पलीकडे नॉर्मा. गाणं संपेपर्यंत ल्यूथर माझ्या कानाशी पुटपुटत होता, "दादा, माझा तर बकराही गेला." मला रडताना हसू आलं. देव ते माफ करो. तू कडेला उभी राहिलीस. तुझे गुडघे दुखतात हे मला ठाऊक आहे, मनाला लावून घेऊ नकोस.

पानात लिहिलं, "फिल्मसाठी झालेला सराका मृताने मागितलेला नाही. या फाइलीचे काम पाहणारे अधिकारी अन्सेल्म बिदो यांनी स्वप्नाबद्दल खोटे सांगून तो घडवून आणला. या प्रथेत असे चालत नाही."

मिस क्लेमेंटनी वाचलं. "बिदो, कुठला देश स्वतःच्या अर्जात असं लिहितो?"

"आपला, मॅडम."

"आणि फिल्म?"

"ती फाइलीतून काढून टाकावी लागेल."

"म्हणजे अर्ज अपुरा. परत येणार."

"हो."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाल्या, "आत्या बोलते का तुमच्याशी?" मी म्हटलं, "पत्राखाली नुसतं नाव लिहिते." त्यांनी सही केली. फाइल काल गेली. माझ्याकडून काम काढून घेतलेलं नाही, बहुधा घ्यायला दुसरं कुणी नाही म्हणून.

अन्सेल्म


सेंट जॉर्जेस, १९ ऑक्टोबर

आत्या,

ईस्टरला तू अंड्यांची टोपली पाठवलीस, पत्र नव्हतं. टोपली परत पाठवली ती मिळाली असेल.

पॅरिसहून उत्तर आलं. अर्ज अपुरा म्हणून परत केलाय, पण ते पान त्यांनी वाचलंय. दोन वर्षांनी पुन्हा पाठवा म्हणतात, आणि आत्ताच दोन गोष्टी विचारल्यात. पुढचा सराका कधी होईल? आणि त्याची वेळ कोण ठरवतं? उत्तर मी द्यायचं नाही असं ठरवलंय. तू सांग, मी तसंच्या तसं लिहितो.

आणखी एक. शाळेच्या मुख्याध्यापकांनी नोंदीची वाट न बघता बार्नाबसला गुरुवारी बोलवायचं ठरवलंय. सात मुलं आहेत म्हणे.

अन्सेल्म


बेलव्ह्यू, ९ नोव्हेंबर

अन्सेल्म,

टोपली मिळाली. झाकण दुसऱ्या कुणाचं तरी आहे.

पहिल्या प्रश्नाला लिही, माहीत नाही. दुसऱ्याला लिही, जे गेलेत ते. याहून लांब लिहू नकोस, तू लांब लिहायला लागलास की मला भीती वाटते.

मुलं सात नाहीत, नऊ आहेत. बार्नाबस त्यांना शिव्या देतो आणि घरी आला की त्यांचंच बोलतो.

आता माझं. तू लिहिलंस, गुडघे दुखतात म्हणून मी त्या शनिवारी उभी राहिले. त्या दिवशी दुखत नव्हते. टेकले असते तर गावाला कळलं असतं की सायलसचं वाकडं करणाऱ्यांत मीही आहे. तू टेकलास, ल्यूथर टेकला, नॉर्मा टेकली, आणि मी कडेला उभी राहून तुम्हा तिघांना बघत होते, पंच असल्यासारखी. तुझ्यावरचा राग त्यानंतर टिकेना. मी तो धरून ठेवला होता, कारण तो गेला की माझीच चूक उरत होती.

दोन तारखेला मृतांचा दिवस झाला. संध्याकाळी सगळे कबरींवर मेणबत्त्या लावून परत निघाले तेव्हा मी व्हिडाला थांबवलं. म्हटलं, "धर मला." ती म्हणाली, "आत्या, इथे खडी आहे." "म्हणून तर धर." सायलससमोर टेकले. पाण्याचं बोलले. नऊ वर्षं मी म्हणत आले की तो मागत नाही, तो रागावलाय. तीन वर्षं तो माझ्या दारावरून पाणी वाहत होता, त्याने अजून काय मागायचं होतं?

मग उठता येईना. व्हिडा मला ओढायला गेली आणि तीही बसली. दोघी तिथेच. फाटकाशी ल्यूथर दिसला, त्याला हाक मारली. तो धावत आला, मला उचललं, माझ्या गुडघ्यांची माती झटकली, आणि हळूच विचारलं, "आत्या, सायलसने काही मागितलं का?"

"नाही," मी म्हटलं. "आज मी मागितलं."

तुझी आत्या,
एस्टिमी